तुमच्या कादंबरीतले लोक पाणी कुठून भरतात?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मराठी फँटसी कादंबरीवर आठ भागांची वेब सिरीज करायची आहे, त्यात तीन मोठ्या जागा आहेत, जळून गेलेल्या काळ्या डोंगरांचं राज्य, तळ्यात बुडालेलं नगर आणि माणसांशी बोलणारं जंगल, प्रोड्युसरला आइसलँडसारखं पाहिजे आणि बजेट लडाखचंही नाही, तर आपल्या विदर्भात खेड्यापाड्यात हे जमेल का आणि जागा निवडायची कशी. मी 22 वर्षांपासून याच धंद्यात आहो, सुरुवात युनिटला जंगलात नेऊन आणणाऱ्या जीपचा ड्रायव्हर म्हणून केली आणि आता लोकेशन बघतो. तर जमते. पण तुम्ही ज्या पद्धतीनं शोधून राहिले त्या पद्धतीनं नाही जमत.

तुमची यादी पाहिली. भव्य, गूढ, प्राचीन, भयाण. हे सगळे विशेषणं झाले आणि विशेषणाचं लोकेशन कुठंच नसते. कादंबरी हातात आली की मी पेन्सिल घेऊन एकच गोष्ट शोधतो, की यातले लोक पाणी कुठून भरतात. हसू नका. विहीर असेल तर बाया कुठं जमतात ते समजते, नदी असेल तर वस्ती कोणत्या काठावर आणि पुरात किती वर सरकते ते समजते, तळं असेल तर मासे आले, बगळे आले, मग घरं कशाची, कपडे कसे, पायाला माती कोणती हे सगळं पाण्यामागून येते. प्रेक्षक उडणारा घोडा मुकाट्यानं मान्य करते राजेहो, पण दहा हजारांचं नगर कोरड्या खडकावर दाखवलं आणि जवळ एक आडही नसला तर त्याला काहीतरी खटकते, काय खटकलं ते त्याला सांगता येत नाही एवढंच.

न्यूझीलंडमध्ये लॉर्ड ऑफ द रिंग्जसाठी ते हॉबिटचं गाव केलं ना, ती जागा 1998 मध्ये विमानातून शोधताना सापडली, मातामाता गावाजवळचं मेंढरांचं फार्म होतं. गोल टेकड्या, एक मोठं पाइनचं झाड आणि त्याच्यासमोर तळं. म्हणजे बघा, बसायला सावली आणि प्यायला पाणी, गाव तिथं आधीच होतं फक्त घरं नव्हती. मग आर्मीची मदत घेऊन रस्ता आणि मातीकाम केलं आणि शूटिंगच्या जवळपास वर्षभर आधी बागा लावल्या, भाजीपाला लावला, म्हणून ते सेट वाटत नाही, राहतं गाव वाटते. आपल्याकडे आर्ट डिरेक्टर आदल्या रात्री कुंड्या आणून ठेवते. फरक तिथंच पडते.

आता तुमचे काळे डोंगर. आइसलँडचा तो रेनिसफ्यारा किनारा आहे, षटकोनी खांबासारख्या काळ्या दगडांचा, लोक त्याच्यासाठी वेडे होतात. तो दगड बेसाल्ट आहे. आणि आपला अख्खा पश्चिम विदर्भ, बुलडाणा, अकोला, अमरावती, यवतमाळचा बराचसा भाग, त्याच बेसाल्टवर बसला आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासचा लाव्हा. थंड होताना लाव्हा तडकते आणि खांब पडतात, तसे खांब यवतमाळ जिल्ह्यात झरी-जामणी तालुक्यात शिबल्याच्या भागात उघडे पडलेले आहेत. समुद्र नाही, मान्य. पण तुमच्या राज्यात समुद्र आहे कुठं? जागा लहान आहे, वाइड शॉट मिळणार नाही, पण राजवाड्याची पायरी, सिंहासनामागची भिंत, कैद्याला बांधायचा खांब असे जवळचे शॉट तिथं निघतात आणि वाइड दुसरीकडे घेऊन जोडता येते.

वाइडसाठी माझं मत विचाराल तर वणी, घुग्घुस, उमरेड या पट्ट्यातले कोळसा खाणीचे ढिगारे. खाणीतून वरची माती-दगड काढून टाकतात त्याला सगळे ओबी म्हणतात, त्या ओबीचे डोंगर झालेत, राखाडी, काळे, मधूनच पिवळट, एक झाड नाही. सकाळच्या धुरकट उजेडात ते पाहिलं की वाटते इथं काहीतरी जळून गेलं आणि लोक निघून गेले. जे तुमच्या कादंबरीत आहे नेमकं तेच. पण खाण व्यवस्थापनाची लेखी परवानगी लागते, ब्लास्टिंगच्या वेळा पाळाव्या लागतात, हेल्मेट-बूट सगळ्यांना, आणि चालू ढिगाऱ्यावर नटाला चढवायचं नाही म्हणजे नाही, ती माती सैल असते आणि उतार सरकते. खाली खड्ड्यात निळंहिरवं पाणी साचलेलं दिसेल, डीओपीच्या, म्हणजे मुख्य कॅमेरामनच्या, डोळ्यात लगेच चमक येईल, त्या पाण्यात कुणाला उतरवू नका, काठ उभा असते आणि खोली कुणालाच ठाऊक नसते.

लोणार तुम्ही पहिल्या नंबरवर लिहिलं. सगळेच लिहितात. एक तर तो ज्वालामुखी नाही, बेसाल्टमध्ये उल्का पडून झालेलं विवर आहे, साधारण 1.8 किलोमीटर व्यासाचं, हे स्क्रिप्टमध्ये दुरुस्त करा. दुसरं, ते अभयारण्य आहे, 2020 पासून पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाचंही त्याच्यावर लक्ष राहिलेलं आहे, खाली गाडी जात नाही, सामान डोक्यावरून न्यावं लागते आणि चढताना जीव जाते. पाणी खारं आणि क्षारीय, कॅमेऱ्याच्या ट्रॉलीचे रूळ त्यात बुडाले तर गेले. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे ते ओळखू येते. 2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हापासून तर घराघरात त्याचा फोटो पोचला. फँटसीत प्रेक्षकानं "अरे हे तर लोणार" म्हटलं की तुमचं राज्य तिथंच संपलं. हेच मी चिखलदऱ्याच्या पॉइंटांबद्दल सांगतो, सुंदर आहे पण अर्ध्या विदर्भाची शाळेची सहल तिथं गेलेली आहे. त्यापेक्षा तिथलाच गाविलगड किंवा अकोल्याकडचा नरनाळा. नरनाळ्याचा महाकाली दरवाजा 1487 चा आहे, दगडी जाळ्या आणि कोरीवकाम असं की वरून काहीच लावायची गरज नाही. आणि दोन्ही गडांवर तलाव आहेत. डोंगराच्या डोक्यावर पाणी, म्हणजे तिथं राज्य का झालं याचं उत्तर फ्रेममध्येच येते.

फक्त हे दोन्ही गड मेळघाटच्या वाघांच्या मुलखात आहेत, म्हणून परवानगीचे दोन-दोन दरवाजे ठोठवावे लागतात, किल्ल्याचा वेगळा आणि वनखात्याचा वेगळा. अभयारण्यात शूटिंग म्हटलं की 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली परवानगी आली, त्याचं मुख्य ऑफिस नागपूरलाच आहे तेवढं आपलं नशीब. गोरेगावच्या फिल्मसिटीची एक खिडकी योजना आहे, तिथं अर्ज टाकाच, पण एक खिडकी उघडली म्हणजे सगळं घर उघडलं असं समजू नका, खाली रेंज ऑफिसरला जाऊन भेटावंच लागते. कोअरचं, म्हणजे वाघांच्या जंगलाच्या आतल्या गाभ्याचं, नावच काढू नका. त्याच्याभोवतीच्या बफर पट्ट्याच्या बाहेरचं प्रादेशिक वनविभागाचं जंगल किंवा गावाशेजारचं झुडपी जंगल बघा. एफडीसीएमचे, म्हणजे वनविकास महामंडळाचे, सागाचे प्लॉट लोक सुचवतात, पण ते रांगेत लावलेले असतात, कॅमेरा जरा आडवा फिरला की झाडं पीटीच्या तासाला उभी केल्यासारखी दिसतात.

बुडालेलं नगर. हा माझ्या दुखऱ्या जागेवरचा विषय आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत जुने मालगुजारी तलाव आहेत, गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले, पाळीवर जुनी झाडं, पाण्यात कमळं, कुठं पाण्याच्या कडेला देऊळ. एका पिक्चरसाठी मी नोव्हेंबरात असा एक तलाव नक्की केला. काठोकाठ भरलेला, पहाटे वाफ निघत होती, डिरेक्टर तर हात जोडून उभा राहिला. नटाच्या तारखा सरकल्या आणि शूटिंग आलं एप्रिलमध्ये. मी रेकीचे, म्हणजे जागा आधी पाहून आल्याचे, फोटो पाठवून मोकळा झालो होतो, परत जाऊन पाहिलंच नाही. युनिट पोचलं तर तलावात म्हशी चरत होत्या आणि पोट्टे क्रिकेट खेळून राहिले होते. धानाला पाणी सुटते, मग उन्हाळा, तलाव आटणारच, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, मी इथलाच माणूस, पण कागदावर तारीख बदलली तेव्हा डोक्यात तलावाची तारीख बदलली नाही. वरून ढिवर लोकांच्या सोसायटीकडे तलावाचा मासेमारीचा ठेका होता, त्यांना आम्ही विचारलंच नव्हतं, ते वेगळे रागावलेले. तीन दिवस गेले. तेव्हापासून मी प्रत्येक तलावाचे चार फोटो मागतो, आषाढातला, दिवाळीतला, होळीतला आणि अक्षय तृतीयेचा, आणि ते फोटो मोबाईलवर गावातल्याच कुणाकडून घेतो, त्याला पैसे देऊन.

पण बुडालेल्या नगरासाठी हीच गोष्ट उलटी वापरता येते. पाणी उतरते तेव्हा खालचं दिसायला लागते. धरणांच्या बॅकवॉटरमध्ये मे महिन्यात जुनी जोती, वाळलेल्या झाडांचे बुंधे वर येतात. गोसीखुर्दच्या पाण्याकडे बघा, वैनगंगेचा पसारा मोठा आहे. अंभोऱ्याचा संगम देखणा आहे, पण तिथं आता केबलचा मोठा पूल झाला आणि तो प्रत्येक फ्रेममध्ये घुसते, व्हीएफएक्सवाला स्थिर शॉटमधून काढून देईल, हातातल्या कॅमेऱ्यातून काढायला लागला की बिल पाहून प्रोड्युसर आजारी पडेल. आणि एक, ज्यांचं गाव खरोखर बुडालं ते लोक शेजारीच पुनर्वसनात राहतात. त्यांच्या जोत्यांवर तुम्ही राक्षस नाचवणार असाल तर आधी त्यांच्यासोबत बसून चहा घ्या. मी तर म्हणतो त्यांच्यातलीच म्हातारी माणसं गर्दीत घ्या, बुडालेल्या घराकडे कसं बघायचं ते त्यांना शिकवावं लागत नाही.

पावसासाठी सुद्धा हेच. तुंबाडवाले पावसासाठी चार पावसाळे थांबले म्हणतात आणि ते पडद्यावर दिसते, टँकरच्या पावसाला मागचं आभाळ साथ देत नाही. पण विदर्भात पावसाळी शूटिंग म्हणजे काळी माती. अवकाळीच्या एका सरीत आमची जनरेटर व्हॅन शेताच्या वाटेवर अशी रुतली की दोन ट्रॅक्टर लावूनही संध्याकाळ झाली. मुरुमाचा रस्ता नसेल तर जून ते ऑक्टोबर तिकडे जड गाडी नेऊच नका. आणि मातीचाच आणखी एक हिशेब, नागपूरच्या आसपास दगड बदलते, पश्चिमेला बेसाल्ट आणि काळी माती, पूर्वेला जुना खडक आणि धानाच्या बांधीची फिकट, कुठं लालसर माती. तुमचा हिरो काळ्या डोंगरातून चालत जंगलात शिरते आणि हे दोन शॉट यवतमाळ आणि गडचिरोलीत घेतले, तर त्याच्या पायाची माती मधेच रंग बदलते. जोड्याची पिशवी आणि मातीचा डबा सोबत ठेवा, हसण्यावारी नेऊ नका, मी हे भोगलं आहे.

बोलणारं जंगल. इथं बहुतेक लोक हिरवंगार घनदाट शोधतात. माझं म्हणणं आहे जंगल बोलायला लागते ते पानं गेल्यावर. आपलं जंगल पानझडीचं, फेब्रुवारीपासून साग उघडा पडते, खाली पाचोळा एवढा की ससा पळाला तरी माणूस चालल्यासारखा आवाज येते. त्याच वेळी पळस पेटलेला असते. आणि कडईचं झाड, काही लोक कुलू म्हणतात, पांढरंफटक खोड, उन्हाळ्यात एक पान नाही, चांदण्यात लांबून माणूस उभा असल्यासारखं वाटते, त्याला भुताचं झाड उगाच म्हणत नाहीत. माणसाशी बोलणारं झाड पाहिजे तर हेच घ्या, रबराचं तोंड चिकटवायची गरज नाही. उंच जुना साग पाहिजे असेल तर आलापल्लीकडे ग्लोरी ऑफ आलापल्ली नावाचा राखलेला तुकडा आहे, 2014 मध्ये जैवविविधता वारसा म्हणून जाहीर झाला, तिथं माणूस मुंगीएवढा वाटते, पण तिथं लहान युनिट घेऊन जायचं, पाहुण्यासारखं.

आता मशाली. प्रत्येक फँटसीत मशाली असतात, तुमच्या स्क्रिप्टमध्ये मी 11 सीन मोजले. 15 फेब्रुवारी ते 15 जून वनखात्याचा वणव्याचा काळ असते, आणि नेमकं त्याच काळात तुम्हाला पानगळीचं जंगल पाहिजे. उघडी आग विसरा. जंगलात एलईडीच्या मशाली वापरा आणि खऱ्या ज्वाळेचे जवळचे शॉट कापणी झालेल्या मोकळ्या शेतात घ्या, पाण्याचा टँकर बाजूला उभा करून. शिवाय मार्च-एप्रिलमध्ये गावकरी पहाटेपासून मोहफुलं वेचायला जातात आणि मे महिन्यात तेंदूपत्ता, ते त्यांचं वर्षाचं रोख उत्पन्न आहे, तेव्हा तुम्हाला गर्दीला माणसं मिळणार नाहीत आणि मागूही नये. रात्रीचं जंगल खऱ्या जंगलात घेऊ नका. ब्रह्मपुरीच्या बाजूला लोक वाघाच्या भीतीनं अंधार पडल्यावर शेतावर जात नाहीत आणि तुम्ही तिथं शंभर माणसांचं जेवण वाढणार काय?

गडचिरोलीत गेला तर आणखी एक गोष्ट. तिथं अनेक गावांत ग्रामसभा खऱ्या अर्थानं मालक आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) तर प्रसिद्धच आहे, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं, 2009 मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला. अशा गावात सरपंचाच्या घरी पाकीट देऊन काम होत नाही, सगळ्यांसमोर बसून सांगावं लागते की आम्ही काय करणार, किती दिवस, कचरा कोण उचलणार. वेळ लागते, दोन-तीन बैठका जातात. पण एकदा हो म्हटलं की मग अख्खं गाव तुमचं, हेही पाहिलं आहे.

आणि देवाचं ठिकाण विचारूनच पाऊल टाका. एकदा आमच्या सेटिंगवाल्या पोरांनी झाडाखालचे चार दगड "फ्रेममध्ये येते" म्हणून उचलून बाजूला ठेवले. शेंदूर पुसट झाला होता, त्यांना दिसला नाही. दुपारपर्यंत काम बंद. गावच्या भुमकानं, म्हणजे पुजाऱ्यानं, पुन्हा मांडून पूजा केली, आम्ही सगळ्यांनी माफी मागितली तेव्हा कुठं सुरू झालं. न्यूझीलंडमध्येही लॉर्ड ऑफ द रिंग्जमधल्या मॉर्डोरच्या डोंगरासाठी माओरी लोकांना पवित्र असलेल्या नाउरुहोए शिखरावर शूटिंग करता आलं नाही, रुआपेहूच्या उतारावर केलं, आणि तिथल्या झाडोऱ्याला इजा होऊ नये म्हणून गालिचे अंथरले होते. एवढ्या पैशाच्या पिक्चरनं ऐकलं तर आपण कोण? तुम्ही जुनापाणीचे शिळावर्तुळं लिहिले आहेत ना वडीलधाऱ्यांच्या सभेसाठी, नागपूरजवळचे, कल्पना छान आहे, पण ती हजारो वर्षांपूर्वीची दफनं आहेत, संरक्षित आहेत, एकही दगड हलवायचा नाही, त्यावर बसायचं नाही. लांबून एक शॉट घ्या आणि बाकी थर्माकोलच्या दगडांवर करा.

आवाजाचं कुणी बोलत नाही म्हणून सांगतो. शेतीच्या पंपाची थ्री फेज लाइन पाळीनं येते, कधी दिवसा कधी रात्री, आणि आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू. तुमचा ऋषी शाप देऊन राहिला आणि मागून पाच हॉर्सपॉवर. लाइनमनकडून त्या आठवड्याचं वेळापत्रक आधीच घ्या. लग्नसराईत डीजे तीन किलोमीटरवरून येते. उजेडाचंही, गडचिरोलीत सूर्य मुंबईपेक्षा जवळपास अर्धा तास आधी बुडते, मुंबईचा असिस्टंट तिथल्या सवयीनं कॉलशीट बनवते आणि डिसेंबरात रोज शेवटचा सीन उद्यावर जाते. मे महिन्यात चंद्रपूर 46-47 ला जाते, तेव्हा साडेपाच ते साडेदहा आणि मग चारनंतर, मधे सगळ्यांना झोपू द्या, दाढीमिशा चिकटत नाहीत त्या घामात.

माणसांसाठी मुंबईहून बस भरून आणू नका. वडसा-देसाईगंज ही झाडीपट्टी नाटकांची पेठ आहे, रात्रभर माईकसमोर दोन हजार माणसांना धरून ठेवणारे नट तिथं आहेत, पडदे रंगवणारे, रात्रीत स्टेज उभं करणारे सुतार आहेत. राजाचा दरबार त्यांनी शेकडो वेळा केलेला आहे. फक्त दिवाळी ते होळी त्यांचा सीझन, तेव्हा ते तुम्हाला हात लावू देणार नाहीत. होळीनंतर गाठा.

तर माझं सांगणं असं की यंदा शूटिंग नका धरू, फक्त रेकी करा. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात या, पळस फुललेला असेल आणि मोह लागायचा असेल. तुम्ही, डीओपी आणि आर्टवाला, तिघंच, डिरेक्टरच्या मित्रमंडळाची सहल नको. पहिले दोन दिवस वणी-घुग्घुस, मग झरी-जामणी, मग पूर्वेला तलाव. प्रत्येक जागी सकाळी एकदा आणि दुपारी चारला एकदा. राहायची सोय जागेपासून दीड तासाच्या आत सापडली नाही तर जागा कितीही चांगली असली तरी खोडून टाकू. बोलेरो माझी आहे, डिझेल तुमचं. येताना कादंबरीची एक प्रत आणा आणि जिथं जिथं पाणी आलं तिथं खूण करून आणा, बुडालेल्या नगराच्या प्रकरणात लेखकानं लोकांना प्यायला काय दिलं तेच मला अजून सापडलं नाही.